अर्धा कप चहा

माझी नोकरी वाचवली ती सांगलीच्या इब्राहिमचाचांनी, हे आधी सांगतो. फौजेत वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले चाचा कुठलीही गोष्ट अर्धीच भरायचे. कपात अर्धा चहा, घागरीत अर्धं पाणी. बाकावरही बरोब्बर मधोमध बसायचे. कोणी हसलं की म्हणायचे, "वर जायला जागा पायजे गड्या, खाली यायला बी पायजे."

हे त्यांनी ट्रान्झिस्टरकडून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या तीन पायांच्या इवल्याशा पुर्जाकडून उचललं होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्याला मधोमध, सहावर ठेवला, तर आवाजाची लाट दोन्हीकडं मोकळी झुलते. नाहीतर लाटेचा शेंडा कापला जातो आणि आवाज फाटतो. गल्लीत कोणी फुशारकी मारू लागला की चाचा हळूच म्हणत, "शेंडा कापला ह्येचा."

मी सातवीतून शाळा सोडलेला, खंडाळ्याहून सांगलीला आलेला. तंबूतल्या सिनेमात खेळाआधी माइकवर पुकारायचं काम. मालकांनी जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढून ट्रान्झिस्टरचा आणला. माइक तोच ठेवला, आणि माझा आवाज पार बारीक झाला. ओरडलो तर घरघरला.

"आरं, डब्यात कोंबडं कोंडलंय का?" लोक विचारू लागले.

मालक म्हणाले, "सोमवारपातूर नीट बोल, न्हाईतर खंडाळ्याची गाडी धर."

कुठल्या तोंडानं जाणार? ॲम्प्लिफायर उचलून चाचांकडे गेलो.

त्यांनी तो उघडला. "तू कशाला वरडतोस? तुझा माइक गरीब घरचा. ही पेटी दांडग्या पाव्हण्यावानी त्येच्या ताटातलं सगळं ओढून घेती. हिचा इनपुट इम्पिडन्स वाढवाय पायजे."

"म्हंजी काय करायचं, चाचा?"

"दारात असा एक बसवायचा, जो नुसता ऐकंल. काय मागनार न्हाई."

त्यांनी माइकची वायर पेटीत शिरते तिथंच आणखी एक ट्रान्झिस्टर जोडला. सोमवारी मी बेतानंच म्हणालो, "मंडळी, बसून घ्या," आणि शेवटची रांगसुद्धा बसली.

त्या रांगेत मधोमध चाचा होते. मग रोजच येऊ लागले. माझं पुकारणं संपलं की सिनेमा सुरू व्हायच्या आत उठून जायचे. मला वाटलं, जोडणी तपासायला येतात. धीर करून एकदा विचारलं, "आवं चाचा, काय बिघडलंय का?"

"मशीन ब्येस हाय रं," ते म्हणाले. "चाची गेल्यापास्नं घरात 'बसून घ्या' म्हननारं कोन न्हाई. तेवढं ऐकतो आन् जातो."

आता मी आणखी लांब, नागपुराकडे असतो. सांगलीला जाईन तेव्हा चहा मी करणार आहे, दोन अर्धे कप. "चाचा, बसून घ्या," म्हणेन. मग ते बोलतील तेवढा वेळ नुसता ऐकत बसेन.