एका वेळी एकच बदल

आमच्या गल्लीत कुणाचा कुलर बंद पडला, की मिस्त्रीच्या आधी वानखडे सर येतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांना दुरुस्ती येत नाही, प्रश्न येतात. "आधी नीट पाहाचं. मंग गृहीतक मांडाचं. मंग प्रयोग. निष्कर्ष सगळ्यात शेवटी." तोवर अकोल्याच्या उन्हात घरमालक शिजून निघतो.

समोरच्या काकूंच्या नजरेनं आमचं दूध नासतं, अशी माझ्या आईची खात्री होती. सरांनी स्टीलचे दोन गंज एकाच दुधानं भरले. एकासमोर काकूंना तासभर बसवलं. दुसरा आतल्या खोलीत झाकून ठेवला. तो म्हणे तुलनेसाठी. भर मे महिना. दोन्ही नासले. "काकू निर्दोष!" सरांनी गल्लीत जाहीर केलं. त्या दिवशी चहा मात्र कुणालाच मिळाला नाही.

आम्हाला सरांची गंमत वाटायची. त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, निखिलचं, काय होत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. एकदा सरच म्हणाले, "पुण्याहून फोन आला होता त्याचा. म्हणे, बाबा, मले इथं लय एकटं वाटते. मी म्हटलं, वाटते हे काही निरीक्षण नाही. दिवसातून किती वेळा वाटते, लिहून ठेव." मग हळूच म्हणाले, "मी तं मदतच करून राहिलो होतो त्याले."

त्यानंतर निखिल त्यांचा फोन उचलेना. सरांची बायको वारल्यापासून घरात सर एकटेच. त्यांनी वही काढली. पहिलं गृहीतक: पोरगा कामात असतो. म्हणून रविवारी फोन लावला. उचलला नाही. दुसरं: सकाळी झोपेत असतो. म्हणून संध्याकाळी सहाला लावला. तरी नाही.

पुढच्या रविवारी सहाला सर माझ्या दारात. "त्याचा फोनच बिघडला असन. तुह्या फोनवरून लावून पाहू. वार तोच, वेळ तीच, फक्त नंबर दुसरा. एका वेळी एकच गोष्ट बदलाची."

निखिलकडे माझा नंबर नव्हता. काय होणार ते मला दिसत होतं. चार्जिंग नाही, अशी थाप मारली. सर घरी जाऊन चार्जर घेऊन आले.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "हॅलो? कोण?"

सरांनी फोन तोंडाजवळ नेला, मग खाली घेतला. त्यांनी फोन कापला. "चालू हाय त्याचा फोन," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मिनिटभरात निखिलचाच फोन आला. सरांनी माझं मनगट धरलं. "मी हाय म्हणून नको सांगू. मंग तुहा बी उचलनार नाही. स्पीकर लाव फक्त."

"सॉरी, राँग नंबर," मी आवाज बदलून म्हणालो.

"काही हरकत नाही," निखिल म्हणाला, खोकला, आणि फोन बंद झाला.

सर खुर्चीत बसले. डोळे भरले होते, पुसायचं सुचलं नाही त्यांना.

"खोकला झाला हाय त्याले," ते म्हणाले. "अद्रक टाकून चहा घे, एवढं तरी म्हनाचं होतं मले."