काकूंच्या बाईसाहेब

"बाईसाहेबांच्या यजमानांचं डोकं उडवलं गं!"

मालतीकाकू जिन्यात झाडू धरून डोळे पुसत होत्या. मी घाबरलेच. कुठल्या बाईसाहेब, कुठले यजमान? मग उलगडा झाला. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडात गादीसाठी भाऊबंदकी पेटली होती, त्यातली ही एक सरदारीण. काकू तिच्यावरचं जाडजूड पुस्तक वाचत होत्या आणि ताज्या बातम्या अख्ख्या इमारतीला पुरवत होत्या.

काकू साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण तास काही संपला नाही. आमच्याकडे जर्मनीत केअरवोखे असते, म्हणजे आठवडाभर जिना झाडायची पाळी. ती आली की काकू पायरीगणिक एक लढाई सांगतात. खालच्या जर्मन आजींना मराठीचं अक्षर कळत नाही, तरी त्या "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर" करत ऐकतात. भाजी अळणी झाली की काकू सुनेला म्हणतात, "असू दे गं, बाईसाहेबांना वेढ्यात मीठसुद्धा मिळालं नव्हतं." हे कौतुक की टोमणा, हे सुनेला अजून कळलेलं नाही.

दरवर्षी त्या तीन महिन्यांसाठी येतात. दीड महिना इथे कार्ल्सरूहेत थोरल्या अनिरुद्धकडे, दीड महिना नेकारसुल्मला धाकट्या प्रसादकडे. वडिलांच्या आजारपणात कोण आलं आणि कोण नाही, यावरून दोघांचा अबोला आहे. एक आईला आगगाडीत बसवतो, दुसरा उतरवून घेतो.

यंदा मीही त्याच गाडीने कामाला निघाले होते. अनिरुद्धने बॅग वर ठेवली, "पोचलीस की मेसेज कर" म्हणाला आणि उतरला.

वाटेत मी विचारलं, "बाईसाहेबांना मुलं होती का हो?"

"दोन. एक या राजाकडे, एक त्या राजाकडे."

"मग त्यांनी काय केलं?"

"कपाळ! दोन्ही राजांना अर्ज लिहीत बसली. पोरांशी बोलायचं काही सुचलं नाही बयेला." बाईसाहेबांना एकेरीत झापताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

प्रसाद फलाटावर उभा होता. बॅग घेताना भलतीकडेच बघत त्याने विचारलं, "दादा काही म्हणाला?"

"म्हणाला की! तुझ्या पाठीचं विचारत होता. जड उचलू नको म्हणाला."

मी तिथेच होते. अनिरुद्ध असं एक अक्षरही बोलला नव्हता.

प्रसादने बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली. "बरी आहे म्हणावं आता," तो हळूच म्हणाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नजर मास्तरणीची होती, पण डोळे भरले होते.

"हो रे," मी म्हणाले, "मीपण ऐकलं."