अठ्ठावीसचं ॲव्हरेज आणि आप्पांचा कोट

लिटरला अठ्ठावीस! हा आकडा मी ज्याला सांगितला नाही असा माणूस आता रत्नागिरीत उरलेला नाही. इस्त्रीवाला, शेजारचे काका, बँकेत माझ्या खिडकीवर पासबुक भरायला येणारे लोक, सगळ्यांना तो पाठ झालाय. आमची नवी हायब्रिड गाडी हळू चालवली की बॅटरीवर चालते, जोर लागला की पेट्रोलचं इंजिन मदतीला येतं आणि उतारावर बॅटरी आपली आपण भरून घेते. समोरच्या स्क्रीनवर ॲव्हरेजचा आकडा दिसत असतो. त्या आकड्याकडे मी जितक्या प्रेमाने बघतो तितक्या प्रेमाने तिच्याकडे कधी बघितलं नाही, असं माझी बायको नम्रता म्हणते.

विश्वास न ठेवणारी माणसं दोनच. एक माझा साडू विनोद, ज्याची डिझेल गाडी गल्लीत शिरली की मांजरं कौलांवर चढतात. दुसरे माझे सासरे, आप्पा. त्यांचा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला. इंजिन ऐकू आलं पाहिजे, आवाज नाही म्हणजे बंद पडलं, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे कुठेही जायचं झालं की ते विनोदच्या गाडीत बसत आणि मी मागून रिकाम्या गाडीत ॲव्हरेज मिरवत जाई. मनाला लागायचं, खोटं कशाला बोलू.

पण धाकट्या मेहुणीच्या, मृणालीच्या साखरपुड्याला योग आला. कार्य गुहागरला, मुलाच्या घरी. नम्रता, मृणाली आणि विनोद आदल्या दिवशीच पुढे गेले. आप्पा आणि सासूबाई माझ्याकडे सोपवले गेले. मुलीचा बाप वेळेवर पोचवायचा, एवढंच माझं काम. लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलं होतं. आणि विनोदने मेसेज टाकला होता की गुहागरला पोचलास की आधी स्क्रीन बघणार!

मी एसी बंद ठेवला. पेढ्यांचे खोके, साडी, ओटीचं सामान हे सगळं मागच्या सीटवर रचलं आणि त्या ढिगाशेजारी आप्पा बसले. कार्यासाठी आणलेला काळा कोट त्यांनी खिडकीवरच्या हुकाला लटकवला. सासूबाईंना गाडी लागते. त्या पुढे बसून, डोळे मिटून लिंबू हुंगू लागल्या. जयगडला फेरीबोट पकडून पलीकडे तवसाळला उतरायचं की पुढे गुहागर. मी ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवला होता की खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं.

वाटेत एक घाटी आहे आणि तिच्या माथ्यावर राखणदार देवाची छोटी घुमटी. आपल्याकडे तिथे नारळ दिल्याशिवाय कोणी नवी गाडी पुढे नेत नाही. आप्पांनी थांबायला सांगितलं. चढावर थांबलं की आकडा घसरतो, म्हणून माझा जीव वरखाली झाला, पण थांबलो. आप्पा उतरले. मी बसल्या जागेवरून देवाला हात जोडले आणि स्क्रीनकडे बघत राहिलो. नारळ फुटल्याचा आवाज आला. मग मागचं दार उघडलं आणि धाडकन बंद झालं. मी ब्रेक सोडला. पुढे उतारच होता. गाडी आवाज न करता घरंगळली.

आकडा अठ्ठावीसवरून एकोणतीसवर गेला! मला राहवेना. मी आप्पांना हायब्रिड समजावून सांगायला लागलो. बॅटरी, मोटर, ब्रेक मारला की परत येणारी वीज, सगळं. आरशात काळा खांदा वळणावळणाला डुलत होता. आप्पा एकदाही मध्ये बोलले नाहीत. सासऱ्यांनी माझं एवढं शांतपणे कधीच ऐकलं नव्हतं. मला तर भरून आलं.

जयगडच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा आकडा तीसला टेकला होता. बोट लागलेली होती, गाड्या चढत होत्या. तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. वाजतच राहिला.

"आप्पा, फोन घ्या," मी म्हटलं. उत्तर नाही. झोप लागली की काय, की आणखी काही, असं वाटलं. वळून बघितलं. हुकाला कोट होता. कोटाच्या खिशात फोन वाजत होता. सीटवर फुटलेल्या नारळाची कवड होती. आप्पा नव्हते!

सासूबाईंनी डोळे उघडले, मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. फोन नम्रताचा होता. मुलाकडची मंडळी जमली होती, भटजी मुहूर्ताची आठवण करून देत होते. आलोच, असं सांगून मी फोन ठेवला आणि गाडी वळवली. या बोटीनंतरची बोट धरून मुहूर्त गाठणं शक्यच नव्हतं.

मग मी पहिल्यांदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काय सांगू तुम्हाला! मोटर आणि इंजिन दोन्ही एकदम जुंपली आणि गाडी अशी सुटली की पेढ्यांचे खोके मागे काचेला जाऊन भिडले.

"एवढा जोर होता," सासूबाई लिंबू नाकाशी धरून म्हणाल्या, "तर सकाळपासून प्रेतयात्रेसारखी का चालवत होतात?"

आप्पांचं वय, वरचं ऊन, रिकामी घाटी, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. म्हाताऱ्याला काही झालं तर मृणालीला तोंड कसं दाखवू, याचीच धास्ती होती. आकडा तीसवरून बावीस, बावीसवरून सतरा. वळणावर एक सुक्या मासळीचा टेम्पो आडवा आला. आतून कोणीतरी जोरजोरात हात हलवत होतं. मीही हात हलवला, बाजूला हो म्हणून, आणि हॉर्न मारत पुढे गेलो.

घुमटीपाशी आप्पा नव्हते. झाडाखाली एक बाई काजूगर विकत बसल्या होत्या. त्यांनी मला नीट निरखलं.

"तुमीच काय ते जावई? आजोबा गेलं ना मगाशीच, लवूच्या टेंपोतनं. म्हणालं, जावई परत आला तर सांग, बोट चुकवू नको."

मी डोक्याला हात लावला. पुन्हा गाडी वळवली. त्या उतारावर बॅटरी किती भरली ते मी बघितलंही नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

जेट्टी दिसली तेव्हा सगळ्या गाड्या चढलेल्या होत्या. बोटीवर गाड्या चढवायचा फळा अजून खाली होता, कारण त्याच्यावर मधोमध आप्पा उभे होते. खलाशी त्यांना हात जोडून बाजूला व्हायला सांगत होता.

"कुठं आहे गाडी आजोबा? आवाज तरी येतोय का?"

"आवाज येत नाही," आप्पा म्हणाले. "ती अशीच येते."

आणि मी आलो.

बोट सुटल्यावर मी खाली उतरून त्यांच्यापुढे उभा राहिलो. हात जोडून माफी मागितली. आप्पांनी शांतपणे कोट अंगात चढवला. त्याच्याखालून सुक्या बोंबलांचा वास दरवळत होता.

"कवड आत ठेवली, दार लावलं आणि गाऱ्हाणं घालायला परत गेलो. डोळे मिटून देवाला सांगत होतो, की ह्या गाडीला आणि चालवणाऱ्याला सांभाळ. साथीला होय महाराजा म्हणायला तुम्हाला हाक मारली, तर मागे रस्ता मोकळा. विनोदची असती तर दोन वळणं ऐकू आली असती."

मुहूर्त सापडला. मृणालीच्या सासूबाई ओवाळताना दोनदा नाकाला पदर लावून गेल्या, पण साखरपुडा झाला. पुडा फुटेपर्यंत विनोद माझ्या गाडीत जाऊन आला होता.

"अकरा," त्याने मांडवभर सांगितलं. "आणि तेसुद्धा निम्म्या वाटेत सासरे वजा करून!"

निघायची वेळ झाली. विनोदने आपली गाडी चालू केली, अंगण हादरलं आणि त्याने आप्पांसाठी दार उघडून धरलं. मी खाली मान घालून उभा होतो. आप्पा त्याच्या दारापर्यंत गेले, त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि येऊन माझ्या गाडीत बसले. मागे नाही, पुढे. सासूबाई लिंबू घेऊन मागे गेल्या. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला, पूर्ण उलगडला आणि माझ्या स्क्रीनवर नीट पसरला.

"हं. आता चालवा."

खरं सांगतो, इतका सुंदर रस्ता मी जाताना बघितलाच नव्हता. घुमटीपाशी थांबलो, दोघेही उतरलो आणि मी चांगलं खणखणीत होय महाराजा म्हटलं. पुढचा सगळा उतार. गाडी घरंगळत होती, आप्पांचे डोळे मिटले होते, श्वास संथ लागला होता. मी पंच्याचं एक टोक अगदी थोडंसं, नुसतं दोन बोटांनी उचललं.

"रितेशराव," आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "ठेवा खाली."