निळी कडी

चाळीस वर्षांच्या संसारात शंकररावांचं वजन किलोभरही वाढलं नव्हतं, आणि त्याचा सगळा ठपका तानाबाईच्या हातच्या भाकरीवर होता. लोणारची नणंद विमलबाई वरवट बकालला आली की आधी भावाच्या बरगड्यांकडे बघायची, मग चप्पल काढायची.

"काऊन वैनी, आमच्या दादाले पोटभर देऊन राह्यली ना?"

तानाबाई भाकरीवर आणखी तूप सोडायची. शंकरराव ते संपवून समाधानानं ढेकर द्यायचे आणि होते तेवढेच राहायचे.

म्हणून लेक समतानं संशोधनाच्या चोवीस कोंबड्या परसात आणल्या, तेव्हा तानाबाईचा जीव अडकला तो सडपातळ बारांमध्ये. त्यांच्या पायात निळी कडी होती, बाकीच्या बारांच्या पायात लाल. अकोल्याला कॉलेजात परत जाताना समतानं बजावलं, "आई, लालवाल्याईच्या रक्तातच चरबी धरायचा गुण आहे, निळ्याईच्या नाही. दोघीईले सारखाच दाना दे, मोजून. माहं तीन वर्षांचं काम आहे त्यात."

"हाव," तानाबाई म्हणाली, आणि महिनाभर तिनं ते मनापासून पाळलंही.

पण लालवाल्या पाटलिणींसारख्या डुलत चालू लागल्या आणि निळ्या तशाच राहिल्या. त्यात विमलबाई आली आणि खुराड्यात डोकावली. "ह्याईलेही उपाशीच ठेवतं का व वैनी?"

हा शब्द झोंबला. दुसऱ्या दिवसापासून निळ्यांना दुप्पट दाणा सुरू झाला. तरी गुण येईना, म्हणून वर शेंगदाण्याची ढेप, तेल काढून उरलेली पेंड. दाण्याचं पोतं मात्र मोजूनमापून दिलेलं, ते झरझर खाली जायला लागलं. मग लालवाल्यांच्या वाट्याला कात्री लागली. "तुमाले काय कमी आहे, बायांनो," तानाबाई त्यांची समजूत घालायची. त्या रिकाम्या भांड्यावर चोची आपटायच्या, पण जाड त्या जाडच.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी समता तिच्या सरांना घेऊन आली. कोंबड्या कापल्या, पोटातली चरबी तोलली. लालवाल्यांच्या ताटलीत गोळे जमले, निळ्यांच्या ताटलीत नखाएवढं काहीतरी. समताचा चेहरा फुलला. ती वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "दोन्ही गटांना समान आहार..."

तानाबाईनं वहीवर हात ठेवला. आपल्यापायी लेकीच्या वहीत खोटं चाललं होतं.

"समान नाही, बाई," ती म्हणाली, आणि पोत्यापासून ढेपेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

समतानं वही मिटली. "आई, तीन वर्षं व."

सरांनी दोन्ही ताटल्या जवळ ओढल्या. "म्हणजे निळ्यांना दुप्पट, लाल कडीवाल्यांना निम्मं? आणि तरी हे असं?"

"हाव सर. लई कोशिश केली. नाही भरल्या."

सर हसायलाच लागले. "समता, पहिला प्रयोग पुन्हा करावा लागणार, सहा महिने जातील. पण असं उलटसुलट खाऊ घालून बघावं हे आपल्याला सुचलंच नव्हतं. तेही करू. या वेळी आईंच्या हाती वजनकाटा द्या."

"म्हंजे सर, नाही भरल्या यात दाना टाकनारीचा दोष नाही?"

"तिळभरही नाही."

त्या संध्याकाळी रस्सा झकास झाला होता. समताही दोनदा वाढून घेऊन हसली.

पुढच्या महिन्यात विमलबाई आली. "काऊन वैनी," तिनं सुरुवात केली, तोच शंकररावांनी करंगळी पुढे केली. करंगळीत कोंबडीच्या पायातली निळी कडी होती. तानाबाईनं अगदी सावकाश, एकेक शब्द चाखत, रक्तातला गुण समजावून सांगितला.

 विमलबाईनं आपल्या काटकुळ्या हातावरच्या, कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्या मनगटाकडे ओढल्या.

"माह्या सासूनं जन्मभर मले म्हटलं, हिच्या अंगाले अन्नच लागत नाही," ती हळूच म्हणाली. "वैनी, आनखी एक कडी आहे का व?"