पाण्यावरचं गृहस्थान

गेल्या वर्षी गावच्या तलावात तीन माणसं पडली आणि तिन्ही जिवंत बाहेर आली. जलसुरक्षा कार्यालयाने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली. माणसं वाचली याबद्दल कार्यालयाची काही तक्रार नव्हती. पण ती बुडत होती याचा एकही पुरावा दप्तरी नव्हता, आणि न बुडणाऱ्या माणसांना बाहेर काढल्याचा अहवाल वर पाठवायची सोय नसते.

तिघांना बाहेर काढणाऱ्या नावाड्याला बोलावण्यात आलं. तो कार्यालयात अठरा वर्षं हंगामी होता. हंगाम दर वर्षी बारा महिन्यांचा असे.

"कोण कोण होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आधी एक बाई पडल्या. मग त्यांना काढायला गेलेले त्यांचे मिस्टर. आणि तिसरे, काय झालं ते बघायला वाकलेले."

"फोटो?"

"हात मोकळे नव्हते साहेब."

उत्तर उद्धटपणाचं असलं तरी ते नोंदवून घेण्यात आलं. माणूस वाचवणं आणि त्याची नोंद करणं ही दोन कामं एकाच माणसाकडे देण्यात मुळातच चूक झाली आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दुसऱ्या कामासाठी ड्रोन आला. तो उडवायला कंत्राटावर एक बाई आल्या. त्या कमी बोलायच्या आणि आकाशाकडे बघून बोलायच्या. नावाडी त्यांना पहिल्या दिवसापासून ताई म्हणू लागला.

काठावर माणसांची गर्दी, आणि गर्दीच्या डोक्यावरून ड्रोन न्यायला मनाई. म्हणून तो नावाड्याच्या नावेतून उडवायचं ठरलं. अडचण उंचीची होती. नियमात लिहिलं होतं, उडतं यंत्र जमिनीपासून किमान दहा मीटर उंच ठेवावं.

"दहा मीटरवरून चेहरे दिसणार नाहीत," साहेब म्हणाले. "बुडणारा कोण आहे हे कळल्याशिवाय त्याला वाचवायचं कसं?"

तेव्हा हेडक्लार्कनी डोळे मिटले. त्यांना सगळे कलमकाका म्हणत. नियमावलीतलं कुठलंही कलम ते डोळे मिटून सांगत, आणि मिटलेल्या डोळ्यांआड त्यांना जे दिसे ते उघड्या डोळ्यांना कधीच दिसत नसे.

"साहेब, नियमात जमीन म्हटलंय. पाणी म्हटलेलं नाही. आणि पाण्याखाली जमीन आहे."

"किती खाली?"

"नऊ मीटर. म्हणजे पाण्याच्या वर एक मीटर राहिलो की दहा भरतात."

मग साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी कलमकाकांचा हात हातात घेतला.

"इतकं खाली नको," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ड्रोनच्या पोटाखाली एक डोळा असतो. खालची जमीन स्थिर धरून तो स्वतःला सावरतो. एक मीटरवर त्याच्याच पंखांच्या वाऱ्याने पाणी हलणार. पाणी हललं की त्याला वाटतं, आपणच वाहत चाललोय. मग सावरायला जातो आणि पाण्यात जातो. सावरायला मध्ये जागाच उरत नाही."

"पाणी हलतं ही पाण्याची चूक," साहेब म्हणाले. "ड्रोनने नियमाप्रमाणे उडावं."

ड्रोन नियमाप्रमाणे उडाला आणि चौथ्या मिनिटाला पाण्यात गेला. नावाड्याने दुपारभर गळ टाकून तो वर काढला. पोटाखालच्या डोळ्यात शेवाळ अडकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी खरं दिसल्यासारखा तो डोळा वासलेला होता.

पहिली चौकशी बसली. ताईंनी सुचवलं की इतकं खाली उडवायचंच असेल तर निदान तो डोळा बंद ठेवावा.

"म्हणजे डोळे मिटून उडणार?"

"हो."

"मग आपल्या कार्यालयात चालेल," साहेब म्हणाले. कलमकाकांनीही डोळे मिटून संमती दिली.

दुसरा ड्रोन तीन दिवस व्यवस्थित उडाला. चौथ्या दिवशी हवेत असतानाच बॅटरी संपत आली, तसा तो शिकवल्याप्रमाणे आपणहून घरी परतला. नाव जिथे होती तिथे आला, अदबीने खाली उतरला आणि बुडाला. मधल्या वेळात वाऱ्याने नाव पाच-सात हात सरकली होती.

"निघताना त्याने जागा लक्षात ठेवली," ताईंनी दुसऱ्या चौकशीत सांगितलं. "त्याला नाव ओळखता येत नाही. त्याचं घर म्हणजे ती जागा."

"म्हणजे ड्रोन घरी आला आणि घर जागेवर नव्हतं," कलमकाका म्हणाले. "दोष घराचा."

नावेला चार दिशांना चार नांगर घालण्यात आले. तिच्या कडेला पाटी लागली: 'गृहस्थान. हलवू नये.' सोबत आदेश निघाला की ड्रोन हवेत असेपर्यंत गृहस्थान कोणत्याही कारणास्तव जागचं हलता कामा नये.

नावाड्याने तो दोनदा वाचला. "काका, आणि कोणी बुडालं तर?"

"'कोणत्याही'मध्ये तेही येतं."

"मग मी नावेत कशाला?"

"घर रिकामं ठेवता येत नाही."

जाताना साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिसरा ड्रोन महिनाभर कोरडा राहिला तर नावाड्याला कायम करण्याच्या आदेशावर ते सही करणार होते. अठरा वर्षांत साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर प्रथमच आला होता. नावाडी घरी येईपर्यंत त्या खांद्याने काही उचलायला तयार नव्हता.

घरी नावाडीण कार्यालयाची नारिंगी जाकिटं मांडीवर घेऊन बसली होती. त्यांचे उसवलेले पट्टे ती शिवून द्यायची. तिला बोलता बोलता ओळी सुचायच्या आणि सुचल्या की दमही निघायचा नाही.

"चार नांगर चार दिशा, मधे अडकली नाव,
बांधून ठेवला धनी, आणि म्हणती आता धाव."

"गप बस. कोणी ऐकलं तर कायम व्हायच्या आधीच जाईन."

"कायम म्हणजे काय होतं हो नक्की?"

"म्हणजे मग काढता येत नाही."

"मग जाकीट घालून झोपा," ती दातांनी दोरा तोडत म्हणाली. "महिनाभर बुडू नका कोणी, असं गावाला सांगायला पाहिजे." हसली आणि मग हसायची थांबली. "अहो, पण खरंच कोणी पडलं तर?"

त्याने शिवलेल्या जाकिटाचा पट्टा ओढून पाहिला. पाण्यावरच्या माणसाला उत्तर आधी काठावर ठरवता येत नाही.

एकोणतीस दिवस कोणी पडलं नाही. तलाव शहाण्या मुलीसारखा वागला. ऊन आलं की लखलखला, वारा आला की शहारला, पण कोणाला आत घेतलं नाही. डोळे मिटलेला ड्रोन पाण्यावरून मीटरभर उंचीवर फिरत होता आणि कार्यालयात पाण्याची चित्रफीत साठत होती. कोणी बुडत नसल्यामुळे तीत निव्वळ पाणी होतं. साहेबांनी ती 'समाधानकारक' असा शेरा मारून वर पाठवली.

तिसाव्या दिवशी धक्क्यावर छोटा समारंभ ठेवला होता. साहेब सावलीत बसून छोट्या पडद्यावर ड्रोनमधलं चित्र बघत होते. कायम करण्याचा आदेश असलेली फाइल घेऊन कलमकाका धक्क्याच्या टोकाला उभे होते. ड्रोन त्यांच्यासमोरून जाणार, ते फाइल उंच धरणार, आणि नावाडी कायम झाल्याची नोंद पाण्यावरूनच होणार, अशी आखणी होती. आखणी त्यांचीच होती.

"काका, फाइल दिसतेय, तुम्ही दिसत नाही," साहेब पडद्यातून मान न काढता ओरडले. "जरा पुढे."

काका जरा पुढे झाले.

"अजून जरा."

काकांनी डोळे मिटले आणि अजून जरा पुढे झाले.

पाण्यात पडल्याचा आवाज फार मोठा नसतो. काठावरच्यांना वाटलं, मासा उसळला. नावाड्याला मात्र तो आवाज ओळखीचा होता. त्याने मान वळवली तेव्हा पाण्यावर एक हात होता आणि हातात फाइल होती. हात खाली जाई, फाइल वरच राही. त्या फाइलमध्ये काय आहे हे नावाड्याला ठाऊक होतं.

"ड्रोन परत निघाला," ताई म्हणाल्या. "बॅटरी संपत आली त्याची."

नावाड्याने चार दोरांकडे पाहिलं. त्यांच्या पलीकडे अठरा वर्षं होती, आणि त्या अठरा वर्षांच्या पलीकडे तो हात. त्याने कमरेचा सुरा काढून पहिला दोर कापला.

"ताई, तुम्ही बघू नका. तुमचंही काम जाईल."

ताईंनी यंत्र खाली ठेवलं, दुसरं वल्हं उचललं आणि एवढंच विचारलं, "कुठल्या बाजूने मारायचं?"

नाव निघाली तेव्हा ड्रोन घरी पोचत होता. पोटाशी तांबडा दिवा लुकलुकत होता. दमून घरी आलेल्या माणसाच्या ओढीने तो सावकाश खाली उतरू लागला, आणि काठावर ओरडा सुरू झाला.

"अरे, तिथे नाव नाहीये!"

"कोणीतरी वाचवा त्याला!"

"गेला बिचारा, गेला!"

एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातात त्यांचा फोन होता. काठावरचे सगळे फोन ड्रोनकडे वळले होते. तो पाण्याला टेकला, दोनदा थरथरला आणि दिव्यासकट खाली गेला.

धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला नावाडी कलमकाकांना पालथं घालून पाठीवर थापा मारत होता. काकांनी भरपूर पाणी ओकलं आणि पहिला शब्द उच्चारला, "फाइल?"

"कोरडी आहे काका," नावाडी म्हणाला.

तिसरी चौकशी दुसऱ्या दिवशी बसली. कामकाज लिहून घ्यायला कलमकाकाच होते, गळ्याभोवती पंचा गुंडाळून. मधूनमधून शिंकत होते.

"गृहस्थान का हलवलं?" साहेबांनी विचारलं.

"काका बुडत होते."

"पुरावा?"

"ड्रोनमध्ये असेल."

"ड्रोन बुडाला. चित्रफीत त्याच्यातच होती."

"मग आपण पडद्यावर बघत होता ना साहेब?"

"पडद्यावर मला फक्त पाणी दिसलं," साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं.

"मी पाहिलंय त्यांना," ताई म्हणाल्या.

"तुम्ही त्यांना पाहत होता? मग ड्रोनकडे कोण पाहत होतं?"

ही जबानी त्यांच्या हलगर्जीपणाची कबुली म्हणून नोंदवण्यात आली आणि त्यांचं कंत्राट संपलं. नावाडी कलमकाकांकडे वळला.

"काका, तुम्ही तरी सांगा."

काकांच्या हातातलं पेन थांबलं. डोळे भरून आले होते, पण ते पडशाने की कशाने हे सांगता येत नव्हतं.

"बाबा रे, मन सांगतंय. पण बुडणारा माणूस शुद्धीवर नसतो, त्याचं म्हणणं ग्राह्य धरू नये, असं आपलंच पत्रक आहे."

"तुम्ही लिहिलेलं?"

"मीच लिहिलेलं," काका म्हणाले आणि शिंकले.

निष्कर्ष असा निघाला की कोणी बुडत असल्याची नोंद नसताना गृहस्थान हलवण्यात आलं, सबब नावाड्याला कायम करण्याऐवजी कमी का करू नये. तरीही कार्यालय अन्यायी नाही. काकांना बुडताना ज्या कोणी पाहिलं असेल त्याने खिडकी क्रमांक तीनवर समक्ष येऊन तसं लिहून द्यावं, तोवर निर्णय राखून ठेवू, असं त्याने सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे. नावाडीण रोज सकाळी जाकिटांची चळत घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसते. पट्टे शिवते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. सध्या तिला ओळी सुचत नाहीत.

घरी परतलेल्या आणि घर न सापडलेल्या ड्रोनची ती फीत तुम्ही पाहिलीच असेल. करुण संगीत घातलेली. लाखो लोकांनी पाहिली, पुढे पाठवली, खाली रडणारे चेहरे टाकले. बाराव्या सेकंदाला ड्रोन बरोबर मध्यभागी असतो, आणि डावीकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात, पाण्याबाहेर एक हात दिसतो. हातात फाइल असते. कापून टाकलेला नाही तो भाग, स्पष्ट आहे.

कार्यालय सकाळी साडेदहाला उघडतं. खिडकी क्रमांक तीन. तिथे रांग नाही.