आमच्या घराण्याचं दुरुस्ती खातं

"दुखणं एकीचं, आणि बोलावलंय अख्ख्या खानदानाला," दवाखान्याच्या बाकावर मामा माझ्या कानाशी कुरकुरले. त्यांच्या मते माणसाने एकट्याने आजारी पडावं. त्यात नातेवाइकांना गोवणं हे डॉक्टरांचं नसतं खूळ.

कोणतीही संस्था तिच्या दुरुस्ती खात्यावर चालते. शरीराचंही तसंच. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा अवाढव्य मजकूर असतो. पेशी दुभंगताना त्याची नक्कल होते, नकलेत चुका होतात (त्याशिवाय ती नक्कल कसली), आणि मागून एक तपासनीस चुकलेलं अक्षर कापून बरोबर बसवतो. बिनपगारी, बिनसुट्टीचा. म्हणजे त्याची दखल घेण्याचा प्रश्नच नाही.

हा तपासनीस घडवायची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. आमच्या आईकडची प्रत सदोष (असावी, तेच बघायला बोलावलं होतं). एका प्रतीवर काम भागतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मग एखाद्या पेशीत दुसरीही बिघडते आणि तिथे अगदी मोकळं वातावरण होतं. चुकांवर चुका साचतात. 'वाढ थांबव' हा हुकूम पुसला जातो, 'फार बिघडलीस, आता मर' हाही. बाकीच्या आज्ञाधारक पेशी वेळेवर मरतात. ही मरत नाही, आपल्यासारख्याच लाखो काढते. कुठल्याही कचेरीत अशीला बढती मिळते. शरीरातही मिळते. त्या बढतीला नाव आहे, पण ते आमच्या घरात उच्चारत नाहीत.

कारण घराण्यालाही दुरुस्ती खातं आहे, आणि मामा त्याचे तहहयात प्रमुख. आजी गेली अपचनाने. मोठी मावशी 'बायकांच्या तक्रारी'ने. आई ऐन चाळिशीत हाय खाऊन (कशाची, ते ठरवायचं राहून गेलं). शंभर टक्के प्रकरणं निकाली. परवा माझ्या धाकट्या बहिणीचं वीतभर आतडं कापलं, तेही मामांनी नातेवाइकांत 'किरकोळ गाठ' म्हणून मंजूर करून घेतलं. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरायचंय ना. आम्ही सगळे मिळून पोरीचं लग्न वाचवत होतो. पोरीचा विषय अजून निघाला नव्हता.

तो दवाखान्यातल्या आनुवंशिक आजारांच्या सल्लागार बाईंनी काढला. मामा, बहीण, भाची आणि मी, आम्हा चौघांना समोर बसवून त्यांनी विचारलं, आधी घरात कुणाला असं काही? आम्ही पंख्याकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे समजावलं, की हा दोष निम्म्या मुलांत उतरू शकतो. पोरीत उतरला असेल तर आतड्याची वेळोवेळी तपासणी करून गाठ बिघडायच्या आत काढता येते. मामांनी निर्वाळा दिला, की आमच्यात कुणाला काही नव्हतं, पोरीला उगाच टोचू नये. माझ्या बहिणीने पदर नीट केला. मी, जी हे सगळं वाचून बसले होते, तीही पंख्याकडेच बघत राहिले. भाचीने सुटकेचा श्वास टाकून रक्त द्यायला वर केलेली बाही खाली ओढली आणि उठली.

तुम्ही हसताय. तुमचे आजोबा कशाने गेले, सांगा पाहू. वयाने? बघा, कसं पाठ आहे.

भाची दारापर्यंत पोचली.

"थांब गं," मामा म्हणाले. "माझ्या आईला कॅन्सर होता. दोन्ही बहिणींना कॅन्सर होता. आणि वर्षभर मला रक्त पडतंय, ते मूळव्याध म्हणून मीच खपवतोय. बस खाली."