मुकुंदअण्णांचं शेवटचं बटण

गेली काही वर्षं मुकुंदअण्णांनी शिवलेला शर्ट कधीच पुरा नसे. कॉलर ताठ, खिसा सरळ, बाही नेमकी मनगटावर. पण सगळ्यांत खालचं बटण जागेवर नसायचं. ते कागदाच्या पुडीत दोऱ्यासकट बांधून शर्टाच्या खिशात ठेवलेलं असे. गिऱ्हाइकानं पुडी उघडून विचारलं, की अण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ते घरी लावून घ्या. सरी?" सरी म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक'.

एकदा एक पोलीस इन्स्पेक्टर युनिफॉर्म घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. आमची चामराजपेटेची अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. इन्स्पेक्टर कन्नडमध्ये गरजत होते. अण्णांनी शांतपणे विचारलं, "साहेब, घरात कोण कोण आहे?" इन्स्पेक्टर गडबडले. बायको आहे, आई आहे, म्हणाले. "मग कशाला काळजी?" अण्णांनी मशीन चालू केलं. पुढच्या युनिफॉर्मच्या वेळी इन्स्पेक्टरांनीच सांगितलं, "ते खालचं तसंच असू दे." सांगताना ते स्वल्प लाजले, असं मला वाटलं.

असं का करता, हे अण्णांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. एकदा सोडून. आणि ते एकदा जे सांगितलं, ते मी खराब केलं. माझं वय आता शहात्तर आहे. हे लिहायचं मी दोन वर्षं टाळत आलो. आता टाळण्याचाही कंटाळा आला.

अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. त्यांचं दुकान माझ्या घरासमोर. आम्ही दोघंही इथल्या जुन्या मराठी घरांतले. कन्नड शाळेत शिकलेले, मराठी घरात बोलणारे. मला आईनं बाळबोध लिपी शिकवली. अण्णांना ती कधीच आली नाही. ते कन्नड वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. मराठी मात्र फक्त बोलत.

माणसाला नाव असतं, हे त्यांना फारसं मान्य नव्हतं. समोर कुणी आलं, की बघता बघता त्याचं माप त्यांच्या तोंडातून बाहेर पडे. बँकेतला कारकून म्हणजे 'बेचाळीस, पोट वेगळं'. कोपऱ्यावरचा फुलवाला 'छत्तीस, एक खांदा खाली'. मी 'साडेपंधरा', कारण माझा गळा साडेपंधरा. लग्नाच्या मांडवात शंभर माणसांसमोर त्यांनी मला "अरे साडेपंधरा, जेवलास काय?" अशी हाक मारलेली आहे. आणि सगळ्या प्रश्नांवर त्यांचं उत्तर एकच, "स्वल्प सैल ठेवायचं." शर्टाबद्दल हेच. मुलांच्या शिक्षणाबद्दल हेच. माझं माझ्या भावाशी भांडण झालं, तेव्हाही हेच. "अगदी अंगाबरोबर शिवलं की माणूस हात वर करू शकत नाही रे."

मी सरकारी कचेरीत लघुलेखक होतो. छत्तीस वर्षं साहेब बोलले आणि मी लिहून घेतलं. पण साहेब जे बोलत, ते मी कधीच टंकलिखित केलं नाही. साहेब पत्र सांगता सांगता मध्येच बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलत, खिडकी लावायला सांगत, व्याकरण सोडून देत. फेअर कॉपीत ते काहीही नसे. साहेबांनी जे बोलायला हवं होतं, ते मी लिहीत असे. त्याबद्दल मला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं. ही सवय निवृत्त होत नाही, हे कुणी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत ऋतुजा आली. मूळची पुण्याची, राहायला जे. पी. नगरला. ती क्युरेटर होती, म्हणजे चित्रकारांची प्रदर्शनं आखून मांडणारी. बरोबर जोसेफ नावाचा एक कलावंत, गप्प, दाढीवाला, इंग्रजी बोलणारा. त्यांना गल्लीतल्या घराघरातून जुनं कापड गोळा करून सगळ्यांच्या हातून एक प्रचंड मोठा शर्ट शिवायचा होता. तो गॅलरीत टांगायचा, आणि त्यात हात लावलेल्या सगळ्यांच्या मुलाखतींचं पुस्तक काढायचं.

"अण्णा, हे टोटली कोलॅबोरेटिव्ह आहे," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे इथे आर्टिस्ट असा कुणी एक नाहीच."

"गिऱ्हाईक कोण?"

"गिऱ्हाईक पण नाही, अण्णा. हे सगळ्यांचंच आहे."

"मग माप कुणाचं घेऊ?"

जोसेफला हे इंग्रजीत सांगितल्यावर तो बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. अण्णांना तो महत्त्वाचा नाही, साधाच वाटत होता. शेवटी त्यांनी तोडगा काढला. शर्ट भिंत घालणार, तर माप भिंतीचं. ते टेप घेऊन गॅलरीत गेले, जोसेफला शिडीवर चढवलं आणि भिंतीची छाती, खांदा, गळा सगळं घेतलं. वहीत लिहिलं आणि प्रत्येक आकड्यात थोडी भर घातली. भिंतीलाही स्वल्प सैल.

मुलाखतीला मात्र ते तयार होईनात. ऋतुजा तीनदा आली. तिसऱ्यांदा म्हणाले, "बोलतो. पण बुकात तुळसाचं नाव यायला पाहिजे."

"तुळसा कोण?"

"आमची बायको. काजंबटणं तिची. बोर्डावर माझं नाव, कॉलरच्या पट्टीवर माझं नाव. तिचं नाव नुस्तं तांब्यावर आहे, माहेरच्यांनी कोरून दिलेलं. छापलेलं कुठंच नाही."

"ऑफ कोर्स, अण्णा! नक्की येणार," ऋतुजा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. अण्णांच्या कन्नड मिसळलेल्या मराठीतलं तिला निम्मंच कळत होतं, म्हणून मुलाखती लिहून काढायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. "काका, तुम्ही कराल ना हे नीट?"

मी म्हणालो, करतो.

तुळसाक्का तोवर जाऊन बारा वर्षं झाली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसलेली असे. गिऱ्हाइकांना तिचा फक्त डावा कोपर दिसायचा, वरखाली होणारा. मला तरी त्याहून जास्त काही आठवत नाही.

मुलाखत दुकानातच झाली. जोसेफनं विचारलं, तुमच्या कामात कर्ता कुठं संपतो आणि इतर कुठं सुरू होतात? ऋतुजानं त्याचं मराठी केलं. अण्णा तिच्याकडे बघत म्हणाले, "अडतीस."

"काय?"

"छाती. पण डावा खांदा उतरलाय. पिशवी एकाच खांद्याला लावतेस तू."

मग तिनं शेवटच्या बटणाबद्दल विचारलं आणि अण्णा गंभीर झाले. बोलले. ऋतुजाचा फोन रेकॉर्ड करत होता, आणि मी सवयीनं वहीत लघुलिपीत उतरवत होतो. लघुलिपीची चिन्हं आवाजाची असतात, त्यामुळे मराठी, कन्नड, खोकला, काहीही पकडता येतं.

घरी येऊन फेअर कॉपीला बसलो. अण्णांचं उत्तर मला फार विस्कळीत वाटलं. घरगुती वाटलं. पुण्यामुंबईचे विद्वान वाचणार, आपल्या गल्लीबद्दल काय म्हणतील, असं वाटलं. साहेबांच्या बायकोच्या गुडघ्याप्रमाणे तेही गाळलं, आणि त्या जागी लिहिलं: 'शेवटचं बटण मी प्रेक्षकासाठी सोडतो. वस्तू पूर्ण करण्याचा हक्क करणाऱ्याचा नसून वापरणाऱ्याचा असतो.'

अण्णांनी जन्मात 'प्रेक्षक' हा शब्द वापरलेला नाही.

तुळसाक्काचं नाव नंतर कुठंतरी बसवू, असं ठरवलं होतं. पण ऋतुजाचा फोन आला. "काका, काय वाक्य आहे! अण्णा म्हणजे ग्रेट आहेत. हे आपण भिंतीवर लावतोय." प्रदर्शनात तो प्रचंड शर्ट लोंबत होता, शेवटचं बटण येणाऱ्यांनी लावायचं म्हणून बाजूला सुईदोरा ठेवला होता, माणसं रांग लावून फोटो काढून घेत होती, आणि वर हातभर अक्षरांत माझं वाक्य. खाली अण्णांचं नाव. छत्तीस वर्षं साहेबांच्या सहीखाली माझी वाक्यं गेली होती. भिंतीवर एकही गेलं नव्हतं. मी त्या वाक्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. तुळसाक्काच्या नावाची आठवण झाली. गप्प बसलो.

पुस्तक आलं. मराठी आणि शेजारी इंग्रजी. रविवारी सकाळी अण्णा ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. "वाच."

मी त्यांचं पान काढलं आणि वाचत सुटलो. बटणाचा परिच्छेद संपला. तोंडातून आपोआप निघालं, "आणि ही सगळी काजं-बटणं माझी पत्नी तुळसा करत असे." पानावर असं काही नव्हतं.

अण्णांनी डोळे मिटले. "परत वाच."

त्यानंतर दर रविवारी ते येत. कॉफी होई, पिशवीतून पुस्तक निघे, मी वाचत असे, तुळसाक्काचं नाव हवेतून काढून त्या जागी ठेवत असे. त्या रविवारांनी मी थकलो. एखाद्या आठवड्यात घरी नसल्याचं सोंग करावं असं वाटे, एकदा केलंही. सोमवारी ते आले.

मागच्या महिन्यात त्यांना ताप आला. रविवारी आले नाहीत, म्हणून मीच गेलो. मागच्या खोलीत, खिडकीपाशी पडले होते. स्टुलावर पुस्तक उघडं, त्यांच्या मुलाखतीच्या पानावर. शेजारी जुना पितळी तांब्या. तांब्याच्या पोटावर बाळबोधीत कोरलेलं: तुळसा. आणि पानावरच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शिंप्याच्या खडूची बारीक खूण. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मी उभाच राहिलो. त्यांना लिपी येत नव्हती. त्यांनी तांब्यावरची अक्षरं चित्रासारखी धरून ओळीओळीत शोधली होती.

"कधी बघितलंत?" मी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात." आवाज बारीक झाला होता. "अरे साडेपंधरा, तिच्या नावाशी आलास की तुझा गळा पंधरा होतो. मला संशय आला. बस की, उभा का?"

"अण्णा, मग दीड वर्ष मला कशाला वाचायला लावलंत?"

ते तांब्याकडे बघत होते. "मोठ्यानं तिचं नाव कोण घेतं आता? लेक तिकडं बनशंकरीला राहते. तिच्यासाठी ती आई. मी एकटा घरात घेतलं तर वेड्यासारखं वाटतं. तू बरं घेतोस."

त्यांच्या अंगात घरचा सदरा होता. सगळ्यांत खालचं बटण नव्हतं. मी इकडंतिकडं सुईदोरा शोधायला लागलो, तसं त्यांनी माझा हात धरला. "ते राहू दे."

ताप उतरला. रविवारी अजून येतात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल असं ऋतुजा म्हणते. तिला मी सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "काका, मूळ पाठवा." आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर, माझ्या वहीत त्या दिवशी उतरवलं तसं, एकही शब्द न सुधारता, इथं लिहितो:

'शेवटचं बटण? त्यात काय आहे. मी नुस्ता कापणार, मशीन चालवणार. काजं, बटणं तुळसाची. तुळसा म्हणजे आमची बायको. बेचाळीस वर्षं. शर्ट मागं दिला की दिला, मी बघायचो पण नाही. ती गेली, मग मी शिकलो. बोटं फोडून घेतली. लोकांचे शर्ट अडले होते की. सगळी लावतो आता. खालचं एक लावत नाही. ते तिचं आहे. मी लावलं की मग, काय म्हणतात, संपलं. घरात कुणीतरी लावतं, मला पुरे. त्या बाईला कळणार पण नाही तुळसा कोण ते. सरी, नको कळू दे. (खोकला.) हे लिहिलास काय रे, साडेपंधरा? तुळसा. तसंच लिही. सुधारू नको.'